वर्गातली लेखन कार्यशाळा: कच्च्या वहीपासून हस्तलिखित अंकापर्यंत

आपल्या शाळांमध्ये मूल एक गोष्ट बहुतेक वेळा एकदाच लिहिते. फळ्यावर विषय येतो, त्याखाली चार-पाच मुद्दे दिले जातात, तासिका संपेपर्यंत पान भरले जाते, वह्यांचा गठ्ठा टेबलावर जातो आणि दोन-तीन दिवसांनी लाल खुणा व सही घेऊन परत येतो. त्या खुणा पाहून कोणी पुन्हा लिहायला बसत नाही, कारण तोवर पुढचा विषय फळ्यावर आलेला असतो. लेखन कार्यशाळेचा सगळा खटाटोप या गाळलेल्या पायरीसाठी आहे. लिहिलेले पुन्हा हातात घ्यायचे, त्यात काय राहून गेले ते शोधायचे आणि तोच मजकूर दुसऱ्यांदा लिहायचा, एवढेच त्यात अपेक्षित आहे. पण एवढ्यासाठी वेळापत्रकापासून वह्या तपासण्याच्या सवयीपर्यंत बरेच काही बदलावे लागते.

एखाद्या लेखकाला पाहुणे म्हणून बोलावून शनिवारी सकाळी घेतलेल्या कार्यक्रमालाही कार्यशाळा म्हणतात. मुलांना त्याचा आनंद होतो आणि तो व्हावाच, परंतु येथे सांगितलेली पद्धत सहा ते आठ आठवडे चालणारी असून ती मराठीच्या किंवा वर्गाच्या शिक्षकाने स्वतः चालवायची आहे. प्राथमिक शाळेतील मुले लिहिताना नेमके काय करतात, याचे निरीक्षण अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर विद्यापीठाचे डोनाल्ड ग्रेव्ह्ज यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस वर्गात बसून केले आणि या पद्धतीला त्यातून मोठा आधार मिळाला. आपल्याकडे मुलांचा अनुभव शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणण्याचे प्रयत्न निराळ्या वाटांनी झाले. लीला पाटील यांनी १९८५ साली कोल्हापुरात सुरू केलेले सृजन आनंद विद्यालय हे त्याचे ठळक उदाहरण आहे. पुढील सूचना जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेतील सहावीचा, सुमारे चाळीस मुलांचा वर्ग डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्या आहेत. पाचवी ते आठवीपर्यंत त्या थोड्या फेरफाराने चालतात.

वेळ आणि वही

पस्तीस मिनिटांच्या एका तासिकेत कार्यशाळा बसत नाही. मुले बसतात, वह्या वाटल्या जातात, कोणाला काहीतरी सुचू लागते आणि घंटा होते. म्हणून मुख्याध्यापकांशी बोलून आठवड्यातून एकदा दोन तासिका सलग मागून घ्याव्यात. मराठीला लागून कार्यानुभवाची तासिका असेल तर जोडणी सहज होते. शिवाय आणखी एका दिवशी एकच तासिका केवळ लेखनासाठी ठेवावी. हे दोन्ही वार ठरलेले असावेत आणि काही झाले तरी बदलू नयेत, कारण मंगळवारी लिहायचे आहे हे ठाऊक असलेले मूल सोमवारी संध्याकाळपासूनच डोक्यात काहीतरी घोळवू लागते. अचानक जाहीर केलेल्या लेखनाला हा लाभ मिळत नाही. पाठ टाचणात हे लेखन कौशल्याखाली नोंदवले की केंद्रप्रमुखांना वेगळे स्पष्टीकरण देत बसावे लागत नाही.

कोणत्या सत्रात घ्यावे याचा निर्णय गावाकडे पाहून करावा. कोकणात जुलैमध्ये भातलावणीच्या दिवसांत हजेरी पातळ होते, तेव्हा तेथे ऑगस्टपासून सुरुवात करावी. बीडसारख्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जाणारी कुटुंबे असतील, तर दुसऱ्या सत्रात अर्ध्या वर्गाचे लेखन अर्धवट राहील. अशा ठिकाणी पहिलेच सत्र धरावे आणि १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला वर्गाचा हस्तलिखित अंक पूर्ण करावा. ज्या शाळांना ही अडचण नाही त्यांनी डिसेंबरअखेर सुरुवात करून २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनापर्यंत काम न्यावे. पोहोचायचा दिवस आधीच ठरलेला असणे फार उपयोगी पडते.

प्रत्येकाला एक शंभर पानी एकरेघी वही द्यावी आणि तिला सरळ ‘कच्ची वही’ म्हणावे. ती शाळेतच, पेटीत किंवा कपाटात राहील. घरी नेलेली वही हरवते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे घरातले कोणीतरी ती उघडून वाचते, मग मूल पुढच्या वेळी सांभाळून लिहू लागते. लेखन फक्त उजव्या पानावर करावे. डावे पान कोरे ठेवावे, कारण दुसऱ्या वेळी सुचलेला मजकूर तेथे लिहायचा आहे. पेन वापरावे. खोडरबर पूर्ण बंद करावा, कारण पुसलेला शब्द कायमचा जातो, तर एका रेघेने खोडलेला शब्द खाली दिसत राहतो आणि कित्येकदा तोच बरा होता असे नंतर लक्षात येते. नीटनेटकेपणासाठी वर्षानुवर्षे शाबासकी मिळवलेल्या मुलांना खाडाखोड करणे सुरुवातीला जड जाते. त्यांना शिक्षकाने स्वतःचे खाडाखोडीचे पान दाखवावे.

विषय कोठून आणावा

पहिल्या दिवशी फळ्यावर विषय लिहू नये. त्याऐवजी शिक्षकाने स्वतःची यादी मोठ्याने विचार करत फळ्यावर लिहावी: लहानपणी विहिरीत पोहायला शिकलो तो दिवस, काल एसटी चुकली तेव्हा थांब्यावर ऐकलेले भांडण, आत्याने न सांगता विकलेली म्हैस. त्यातील दोन-तीन विषय ‘हे मला आज लिहावेसे वाटत नाही’ म्हणून बाजूला ठेवावेत, म्हणजे निवड कशी करतात हेही मुलांना दिसेल. मग मुलांनी कच्च्या वहीच्या शेवटच्या पानावर ‘माझे विषय’ असे शीर्षक देऊन स्वतःची यादी करावी आणि ती पुढील दोन महिने वाढवत राहावी.

यादी अडली तर काही प्रश्न हमखास कामी येतात. तुला येते पण गुरुजींना किंवा बाईंना येत नाही असे कोणते काम आहे? घरात गेल्या आठवड्यात कोण कोणावर रागावले होते? गावातली अशी कोणती जागा आहे जिथे तू एकटा किंवा एकटी जात नाहीस? यातील पहिल्या प्रश्नाने वर्ग उघडतो, असे माझे मत आहे. खेकडे कसे धरायचे, बैल जुंपताना कोणत्या बाजूने जायचे, लहान भावाला झोपवायला काय करायचे, मोबाइलचे रिचार्ज वडिलांना कसे समजावून सांगायचे हे मुलांना पक्के ठाऊक असते आणि त्यांच्याकडून ते कधी कोणी लिहून मागितलेले नसते.

‘मी पंतप्रधान झालो तर’ किंवा ‘शाळा बंद झाल्या तर’ या विषयांशी माझे वैर नाही. कल्पनेला वाव हवाच. अडचण अशी की त्या विषयांवरची वाक्ये मुलांना निबंधाच्या तयार पुस्तकांतून पाठ झालेली असतात आणि पाठ असलेल्या वाक्याचे पुनर्लेखन करता येत नाही, कारण त्यामागे परत जाऊन पाहावे असे काही नसते. महाराष्ट्रातील शाळकरी लेखनाचा फार जुना आणि फार थोर दाखला या ठिकाणी आठवतो: फुले दाम्पत्याच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. त्या मुलीला मुद्दे काढून देणारे पुस्तक बाजारात असते, तरी त्यात तो विषय सापडला नसता.

तासाची रचना

सत्तर मिनिटांतील पहिली दहा मिनिटे शिक्षकाची असतात. या वेळात एकच गोष्ट शिकवावी आणि ती फळ्यावर करून दाखवावी. उदाहरणार्थ, ‘आजी खूप प्रेमळ होती’ असे वाक्य लिहून ‘हे आपल्याला कशावरून कळले?’ असे विचारावे. मुले सांगतील त्यातून वाक्य घडवत जावे: ‘दूध तापले की आजी साय माझ्या वाटीत काढायची आणि दादाला दिसू नये म्हणून वर भाकरीचा तुकडा ठेवायची.’ मग ‘प्रेमळ’ हा शब्द खोडावा की ठेवावा, हे वर्गालाच ठरवू द्यावे. दुसऱ्या आठवड्यात संवाद कसे लिहायचे, तिसऱ्यात सुरुवात कोठून करायची, चौथ्यात काय गाळायचे असे पाठ घेता येतात, पण त्यांचा क्रम आधी आखून ठेवण्यापेक्षा आदल्या तासाला वह्यांत काय दिसले त्यावरून पाठ ठरवावा. ज्या वर्गात सगळ्यांचे लेखन ‘मी सकाळी सहा वाजता उठलो’ येथून सुरू होते, त्या वर्गाला सुरुवातीचा पाठ हवा आहे, मग तो कितवाही आठवडा असो.

त्यानंतरची पस्तीस मिनिटे लेखनाची. पहिली पाच मिनिटे शिक्षकानेही मुलांसमोर बसून लिहावे. हे केवळ आदर्श म्हणून नसून त्या पाच मिनिटांत कोणी प्रश्न विचारायला उठत नाही आणि वर्ग आपोआप शांत होतो, हा त्याचा व्यवहारी फायदा आहे. ‘बाई, किती ओळी लिहायच्या?’ हा प्रश्न पहिल्या दोन आठवड्यांत हटकून येणार; त्याला ‘गोष्ट संपेपर्यंत’ एवढेच उत्तर पुरते.

‘काही सुचत नाही’ म्हणणाऱ्या मुलाजवळ जाऊन बसावे, यादीतील एका विषयाबद्दल बोलते करावे आणि ते रंगात येऊन सांगू लागले की मध्येच थांबवून ‘आत्ता बोललास तसेच लिही’ म्हणून उठावे. सहावीतही काही मुलांचा हात अजून लेखनावर बसलेला नसतो, हे मान्य करून चालावे. अशा मुलाने आधी चित्र काढावे, शिक्षकाने किंवा मित्राने त्याची पहिली तीन वाक्ये तो सांगेल त्याच शब्दांत उतरवून घ्यावीत, त्याने ती वाचावीत आणि चौथे वाक्य स्वतः लिहावे. पुढच्या वेळी दोनच वाक्ये उतरवून द्यावीत.

घरची बोली हा येथे निघणारा प्रश्न आहे. अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी बोलणारी किंवा घरी पावरी, कोरकू, गोंडी बोलणारी मुले कच्च्या वहीत घरचे शब्द घेऊन येतील, येऊ द्यावेत. ‘पानी’ चे ‘पाणी’ करण्याची घाई पहिल्या खेपेला केली, तर मूल त्याला बिनचूक येणाऱ्या शब्दांपुरतेच लिहू लागते आणि लेखन आक्रसते. पक्क्या प्रतीत निवेदन प्रमाण मराठीत यावे, परंतु माणसांच्या तोंडची वाक्ये ती बोलतात तशीच राहावीत. मामाने अहिराणीत दिलेली शिवी प्रमाण मराठीत आणली की मामा ओळखू येत नाही. शिवी अंकात घ्यायची की नाही, हा प्रश्न अर्थातच निराळा आहे.

वहीजवळचे बोलणे

लेखन चालू असताना शिक्षकाने एकेका मुलाजवळ जाऊन तीन-चार मिनिटे बोलणे हा कार्यशाळेचा कणा आहे आणि सर्वांत अवघड भागही तोच. चाळीस मुलांशी एका दिवशी बोलता येत नाही, तसा प्रयत्नही करू नये. एका तासाला पाच मुले धरली, तर आठवड्याच्या दोन बैठकांत दहा होतात आणि महिन्यात सगळा वर्ग एकदा पूर्ण होतो. यासाठी हजेरीपटासारखी एक साधी यादी करावी. मुलाचे नाव, तारीख आणि बोलण्यातून निघालेली एक गोष्ट एवढेच तीत लिहावे. यादी नसेल तर शिक्षक नकळत त्याच सात-आठ बोलक्या मुलांकडे वळत राहतात आणि मागच्या बाकावरचे तिघे आठ आठवडे तसेच राहतात.

मुलाला टेबलाजवळ बोलावू नये, आपण त्याच्या जागी जावे आणि त्याच्याएवढ्या उंचीवर बसावे. वही आपल्या हातात घेऊ नये. वही हातात आली की पेन आपोआप चालू लागते. मुलाला वाचायला सांगावे, ऐकावे, आपल्याला काय समजले ते एका वाक्यात परत सांगावे आणि मग जे खरोखर जाणून घ्यावेसे वाटले तेवढेच विचारावे. समजा, एका मुलीने लिहिले आहे: ‘आमची शेळी रात्री व्याली. तिला दोन करडे झाली. मला खूप आनंद झाला.’ तपासायचे म्हटले तर या तीन वाक्यांत चूक काढता येत नाही. बोलणे असे होऊ शकते:

‘म्हणजे ही रात्रीची गोष्ट. तू जागी होतीस?’

‘हो बाई. आईनं उठवलं, बॅटरी धरायला.’

‘बॅटरी तुझ्याकडे होती?’

‘हो. पण दुसरं करडू अडकलं, तर माझा हात हलायला लागला. आई ओरडली, नीट धर म्हणून.’

‘हे वहीत कुठे आहे?’

‘लिहिलंच नाही.’

येथे शिक्षकाने उठावे. ‘मग असे लिही की माझ्या थरथरत्या हातात बॅटरी होती’ असे सांगण्याचा मोह अनावर होतो, पण ते वाक्य मुलीचे राहत नाही आणि पुढच्या वेळी ती वाक्याची वाट पाहत बसते. आपण जागा दाखवली, तेवढे पुरे. काही मुले एका प्रश्नावर दोन पाने लिहितील, काही जण ‘आई ओरडली’ एवढेच वाढवतील. दोन्ही चालते.

एका बोलण्यात एकच प्रश्न पुढे न्यावा. शुद्धलेखन, परिच्छेद, शेवट आणि अक्षर या चारही गोष्टी एका दमात सांगितल्या, तर मूल सगळ्यांत सोपी असलेली, म्हणजे अक्षराची, सुधारणा करते आणि बाकीच्या सोडून देते.

दुसऱ्यांदा लिहिणे

तीन-चार आठवड्यांनंतर प्रत्येकाच्या वहीत तीन ते पाच कच्ची लेखने जमतात. आता त्यांतून एकच निवडायचे आहे. सगळ्याच लेखनांचे पुनर्लेखन करायला लावू नये. तशी सक्ती झाली की मुले पुनर्लेखन म्हणजे चांगल्या अक्षरात उतरवून काढणे असे समजतात, आणि चाळीसपैकी तीस वह्यांत तेच घडते. निवड मुलाने करावी. शिक्षकाला आवडलेले लेखन वेगळे असेल तर तसे सांगावे, आग्रह धरू नये.

निवडलेले लेखन घेऊन मुलाने आधी ‘मी येथे घाई केली’ अशी एक जागा शोधून तिच्या बाजूला रेघ मारावी. जवळजवळ प्रत्येक लेखनात अशी जागा असते आणि मुलांना ती आश्चर्य वाटावे इतकी अचूक सापडते. बहुधा ‘मग खूप मजा आली’ किंवा ‘नंतर आम्ही घरी आलो’ या शब्दांनी ती झाकलेली असते. त्या जागेचा मजकूर डाव्या कोऱ्या पानावर सविस्तर लिहावा आणि उजव्या पानावर तेथे हंसपदाची, म्हणजे मजकूर घालायची जागा दाखवणारी (^), खूण करावी. कोणाची मोठी तुकडेजोड असेल तर पानाची झेरॉक्स काढून कात्री-डिंकाने परिच्छेद पुढे-मागे लावू द्यावेत. ज्या मुलांना लेखन ही एकदा घडली की हलवता न येणारी वस्तू वाटते, त्यांच्यावर या कात्रीचा परिणाम मोठा होतो.

वाढवण्यापेक्षा गाळणे कठीण आहे. सहलीवरचे लेखन घ्या: आदल्या रात्रीची तयारी, गाडीतली गाणी, जेवण, किल्ला, परतीचा प्रवास असे सगळे त्यात प्रत्येकी दोन ओळींत असते. अशा मुलाला ‘यातले एकच ठेवायचे असेल तर कोणते?’ असे विचारावे आणि त्याने सांगितलेल्या त्या एका प्रसंगावर पूर्ण पान लिहायला लावावे. उरलेला मजकूर फेकून द्यायचा नाही, तो कच्च्या वहीत राहतोच, असे आश्वासन दिले की मुले सोडायला तयार होतात.

वाचून दाखवणे

तासाची शेवटची वीस-पंचवीस मिनिटे वाचनासाठी ठेवावीत आणि तीनपेक्षा जास्त मुलांना वाचायला लावू नये. वाचणाऱ्याने मजकूर दोनदा वाचावा, कारण पहिल्या वाचनात वर्ग अजून आवाजाशी जुळत असतो. ऐकणाऱ्यांनी आधी काय लक्षात राहिले ते सांगावे, मग एखादा प्रश्न विचारावा. ‘छान’ आणि ‘मस्त’ या दोन शब्दांवर बंदी घालावी. मला टाळ्यांचेही वावडे आहे: आपल्याकडे मूल काही वाचून दाखवते न दाखवते तोच तालात टाळ्या पडतात आणि त्यांच्याबरोबर बोलणे संपते. टाळ्या अंकाच्या प्रकाशनाला राखून ठेवाव्यात. ज्याला वाचायचे नाही त्याला नकार देता यावा, आणि तो का नको म्हणतो हे सर्वांसमक्ष विचारू नये.

कारण स्वतःच्या आयुष्याविषयी लिहायला सांगितले की काही वह्यांत दारू, मारहाण, कर्ज, घरातून निघून गेलेले माणूस येणार, हे शिक्षकाने गृहीत धरले पाहिजे. अशा लेखनाचे काय करायचे, हे त्या मुलाशी एकट्याने बोलून ठरवावे. अंकात घ्यायचे की वहीतच ठेवायचे, हा निर्णय मुलाचा. वहीतील गोष्ट शिक्षकांच्या खोलीत चर्चेचा विषय होऊ देऊ नये. मात्र मूल धोक्यात आहे असे दिसले तर गुप्ततेचे वचन लागू होत नाही, आणि ही मर्यादा पहिल्याच दिवशी वर्गाला साध्या शब्दांत सांगून ठेवावी. मुख्याध्यापक, मुलांच्या सुरक्षिततेसाठी असलेली शाळेची सखी सावित्री समिती आणि १०९८ ही चाइल्डलाइन यांची मदत घेता येते. लैंगिक अत्याचाराची शंका आली तर मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे शिक्षकावर बंधनकारक आहे. ती चौकशी शाळेने आपापसांत करून मिटवायची बाब नाही.

शुद्धलेखन आणि नोंदी

शुद्धलेखन वगळायचे नाही, ते शेवटी घ्यायचे आहे. मजकूर स्थिर झाल्यावर, पक्की प्रत करण्याआधीच्या आठवड्यात, त्यासाठी दोन बैठका द्याव्यात. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम अठरा आहेत. ते सगळे एका बैठकीत सांगणारा पाठ कोणाच्याही लक्षात राहत नाही. वर्गाच्या वह्यांत सर्वाधिक दिसलेला एकच नियम घ्यावा. बहुतेक ठिकाणी तो सामान्यरूपाचा, म्हणजे प्रत्यय लागताना शब्दाच्या होणाऱ्या बदलाचा, निघतो: फूल पण फुलाला, बहीण पण बहिणीला, विहीर पण विहिरीत. मराठी शब्दाच्या शेवटून दुसऱ्या अक्षरातील दीर्घ ई-ऊ प्रत्यय लागला की ऱ्हस्व होतात, आणि ‘शरीर’सारखा संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द ‘शरीरात’ असा दीर्घच राहतो. मुलांनी आपल्या लेखनातील अशी रूपे स्वतः शोधून खाली रेघ मारावी आणि शेजारच्याची वही तपासावी. उरलेल्या चुका पक्की प्रत करण्यापूर्वी शिक्षकाने पेन्सिलने दाखवाव्यात, कारण अंक लोक वाचणार आहेत आणि चुकीच्या शब्दांमुळे मुलाचे हसे होऊ नये.

कच्च्या वहीला गुण देऊ नयेत. आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या, मूल्यमापनासाठी लागणाऱ्या वर्णनात्मक नोंदी मात्र वर सांगितलेल्या यादीतूनच मिळतात, आणि ‘लेखन चांगले करतो’ या ठरीव नोंदीपेक्षा ‘प्रसंगातील घाईची जागा स्वतः शोधून सविस्तर लिहिली’ ही नोंद पुढच्या वर्षीच्या शिक्षकालाही उपयोगी पडते. परीक्षेतील निबंधाचे काय, असे पालक विचारतील. परीक्षेआधी दोन तासिका ठरलेल्या वेळात ठरलेल्या विषयावर लिहिण्याचा सराव घेतला की ती गरज भागते.

हस्तलिखित अंक

शेवटचे दोन आठवडे अंकाचे. १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक निघाल्यापासून मराठी वाचकाला अंकाची सवय आहे, आणि शाळांमध्ये हस्तलिखिताची चालही जुनी आहे. तिचा एक दोष मात्र टाळावा: सुंदर अक्षराच्या चार मुलींनी सगळा अंक लिहून काढणे. प्रत्येकाने आपले पान आपल्या हाताने लिहावे, अक्षर कसेही असो. निवडही करू नये. वर्गातल्या प्रत्येक मुलाचे एक लेखन अंकात आलेच पाहिजे. फक्त उत्तमांचा अंक काढायचा म्हटले की ज्या मुलांसाठी हा उद्योग आरंभला तीच बाहेर राहतात.

कागद सगळ्यांना सारखा, जाड, बिनरेघी असा द्यावा आणि खाली ठेवायला गडद रेघांचे पान द्यावे. डावीकडे बांधणीसाठी दीड इंच जागा सोडायला आधीच सांगावे, नाही तर शिलाईत शब्द जातात. काळे पेन वापरले की झेरॉक्स स्वच्छ निघते. पाच मुलांचे संपादक मंडळ अनुक्रमणिका, मुखपृष्ठ आणि क्रम ठरवील. क्रमावरून भांडण होते आणि ते होऊ द्यावे, कारण कोणते लेखन कोणत्या लेखनाशेजारी बरे वाटते याची तेवढी खोल चर्चा एरवी वर्गात होत नाही. बांधणी तालुक्याच्या गावी होते, शाळेत सुई-दोऱ्यानेही जमते. ज्यांचे लेखन बाहेरच्या वाचकांपुढे जाण्यासारखे वाटेल त्यांना बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाकडे ते पाठवायला सुचवावे.

प्रकाशनाला भाषण ठेवू नये. मुलांनी वाचावे, पालकांनी ऐकावे. शेतावर किंवा कामावर जाणारे पालक सकाळच्या परिपाठाला येऊ शकत नाहीत, तेव्हा शाळा व्यवस्थापन समितीशी बोलून संध्याकाळची वेळ घ्यावी. मूळ प्रत शाळेच्या ग्रंथालयात नोंदवून तिला दाखल क्रमांक द्यावा आणि इतर पुस्तकांप्रमाणे ती घरी नेता यावी. एक झेरॉक्स प्रत वर्गात टांगावी. अंकाच्या शेवटी पाच-सहा कोरी पाने बांधून घ्यावीत, म्हणजे घरी वाचणारा कोणीही त्यावर चार ओळी लिहू शकेल. त्या ओळी पुढच्या बैठकीत वाचून दाखवाव्यात आणि ज्याच्या लेखनाबद्दल त्या आहेत त्याला, हवे असल्यास, उत्तर लिहू द्यावे.